गंधालीताईची उत्तरं

६ जानेवारी २०२५, सोमवार

गंधालीताई सांगते, काय खाल्लं ते लिहू नका, काय वाटलं ते लिहा. म्हणून ही वही. भांडुपच्या आमच्या घरात वही लपवायला एकच जागा आहे, माझ्या कपाटातली सगळ्यात खालची फळी. गुडघे दुखतात म्हणून आई तिथवर वाकत नाही.

आज नोकरीचा पहिला दिवस. तीन वर्षं जिला फॉलो करतेय, जिचे व्यायामाचे व्हिडिओ लावून घरात उड्या मारल्या आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, तिच्याकडे मी कामाला! म्हणजे खरं तर तिच्या नवऱ्याकडे. केयूर सर सगळं बघतात. ऑफिस म्हणजे मुलुंडला एकोणिसाव्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये माझं टेबल, मागे बंद बेडरूम, कोपऱ्यात शूटिंगचे दिवे. दिव्यांवर धूळ होती. मी हळूच पुसली.

काम सोपं आहे. ताईला मुलींचे मेसेज येतात, दिवसाला तीन-चारशे. ताई म्हणून त्यांना मी उत्तरं द्यायची. ताईनं स्वतः लिहिलेली एक फाईल आहे, त्यात बासष्ट उत्तरं. मेसेज वाचायचा, बसेल ते उत्तर उचलायचं, पाठवायचं. स्वतःचं काही घालायचं नाही.

"ताई कधी येतात?" मी विचारलं.

"ती सध्या बाहेर असते," सर म्हणाले आणि मोबाईलमध्ये बघत राहिले.

कॉलेजात मला टेम्पो म्हणायचे. आज बारावीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'ताई, मला वर्गात रणगाडा म्हणतात.' मी तिला चौदा नंबर पाठवलं: 'त्यांना बोलू दे. तू घाम गाळ. वाघीण आहेस तू.' पाठवताना मलाच भरून आलं.

९ जानेवारी, गुरुवार

फ्लॅटमध्ये अजून कोणीतरी राहतं. मागच्या खोलीतून पावलांचा आवाज येतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा पावलं, मग वळणं, परत अकरा. काल दिवसभर तेच. आज पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्याशी एक बाई उभी. डोक्याला स्कार्फ, दोन स्वेटर, हातात नुसत्या गरम पाण्याचा कप. वय सांगता येईना. पंचेचाळीस? मनगट इतकं बारीक की कप जड वाटत असेल.

सर म्हणाले, "माझी मावसबहीण आहे, राधा. तिला बरं नसतं. तिच्याशी फार बोलू नकोस, दमते ती."

चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटला. सरांचीच बहीण, त्यांच्यासारखा असणार.

जाताना तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नवीन आहेस ना? होईल, होईल. तुझी हाडं चांगली आहेत."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईनं डब्यात तिळाच्या वड्या दिल्या. मी खाणार नव्हतेच, पण सणाचं म्हणून राधाताईंना एक द्यायला गेले. दार किलकिलं होतं. ती चालत होती. मला बघून थांबली, पण बसली नाही. आठवडा झाला, तिला बसलेलं मी बघितलंच नाही.

वडी तिनं दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून बराच वेळ नुसता वास घेतला. मग मला परत दिली.

"तू खा. मी बघते."

काय बोलणार? खाल्ली. ती माझ्या जबड्याकडे बघत होती, मी गिळल्यावर गळ्याकडे. अंगावर काटा आला यार. पण आजारी माणूस आहे, सोडून दे.

टेबलावर परतले तर जानकीचा मेसेज. ही जानकी रोज लिहिते, दिवसातून चार-पाच वेळा. फोटो नाही, काही नाही, नुसतं नाव. आज लिहिलं होतं: 'ताई, समोर कोणीतरी तिळाची वडी खाल्ली. मी फक्त वास घेतला. बरोबर केलं ना?'

आज घरोघरी तीळगूळच. बिचारी. मी तीन नंबर पाठवलं: 'शाब्बास वाघिणी! जिभेवर ताबा म्हणजे जगावर ताबा.'

वडी मात्र मला संध्याकाळपर्यंत डाचत राहिली. खायला नको होती.

२१ जानेवारी, मंगळवार

पंजाबी ड्रेस सैल झाला! मैत्रिणीच्या, लीनाच्या लग्नात शिवलेला, ज्याची चेन लागत नव्हती तो. मी तीन वर्षं ताईचा डाएट प्लॅन करायचे आणि सोडायचे, आता सुटत नाही. दिवसभर दुसऱ्यांना 'थांबू नका' लिहायचं आणि घरी येऊन भात चापायचा, लाज वाटेल ना.

आई मात्र खूश नाही. चिडली की ती मालवणीवर येते. "माशाची कढी केलंय तुझ्यासाठी, आणि तू काकडी चघळतंस? काय झाला गो तुका?"

"आई, तूच म्हणायचीस ना जाडी झालीस म्हणून?"

तिनं कढी परत झाकून ठेवली. जिंकल्यासारखं वाटलं, मग वाईट वाटलं. बांगड्या आता हातातून आपोआप निघतात. अंघोळीनंतर जाळीत केस दिसतात. पाणी बदललंय बहुतेक.

३० जानेवारी, गुरुवार

नव्या व्हिडिओखाली एका मुलीनं लिहिलं, 'ताई, हा जुना आहे ना? मी मुलुंडचीच आहे. तुझ्या खिडकीतून तो टॉवर अर्धाच बांधलेला दिसतोय.'

मी व्हिडिओ थांबवून बघितला. ताई काय सुंदर दिसते! हसत, घामानं चमकत मोजतेय. मागे खिडकी, खिडकीत अर्धा टॉवर आणि क्रेन. मग मान वळवून आमच्या खिडकीबाहेर बघितलं. तोच टॉवर, पूर्ण, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले.

म्हणजे ताईनं इथंच, या हॉलमध्ये शूट केलंय. मी जिथं बसते तिथं! किती छान वाटलं.

सरांना कमेंट दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. "उडव. आणि त्या मुलीला ब्लॉक कर."

"पण सर, ती नुसतं विचारतेय..."

"अक्षता, उडव म्हटलं ना?"

उडवली. कितीतरी लोक जुने व्हिडिओ टाकतात. ताईला विश्रांती नको?

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मन थाऱ्यावर नाही.

दुपारी मागच्या खोलीतला चालण्याचा आवाज थांबला होता. धप्प असं काहीतरी ऐकू आलं, पण खुर्ची सरकवली असेल म्हणून मी उठले नाही. पाच मिनिटांनी जानकीचा मेसेज: 'ताई, डोळ्यांपुढे अंधार आला. खाली बसलेय. आजच्यापुरतं थांबू का?'

बासष्ट उत्तरं दोनदा चाळली. 'थांब' असं एकही नाही. सरांना फोन केला. ते गाडी चालवत होते.

"फाईलमधलं दे गं. हजार मुली असं लिहितात. आपण डॉक्टर आहोत का?"

"म्हणूनच म्हणतेय, डॉक्टरकडे जा असं लिहू का?"

"स्वतःचं काही घालायचं नाही, ठरलंय ना आपलं?"

मी नऊ नंबर पाठवलं: 'अंधार आला म्हणजे उजेड जवळ आहे. थांबणारी वेगळी, वाघीण वेगळी.'

जानकीनं हात जोडल्याची खूण पाठवली. थोड्या वेळानं राधाताईंचं चालणंही परत सुरू झालं. अकरा पावलं, वळण, अकरा पावलं. एक पाय ओढल्यासारखा.

घरी जाताना बसच्या रांगेत मलाच गरगरलं. एका बाईनं खांद्याला धरलं, बिस्किट देत होती. मी घेतलं नाही. तिच्या पिशवीत किती बिस्किटं होती ते मात्र मला अजून आठवतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

रोज सकाळी सोनूबाई येते कामाला. तिचा मिक्सर, भांडी, तिच्या फोनवरची भजनं, असा आवाज चालू असतो. आज ती सुट्टीवर. सरही बाहेर. घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

जानकीला उत्तर पाठवलं. भिंतीपलीकडे 'घुर्र' असं काहीतरी झालं. लाकडावर फोन थरथरतो ना, तसं. दुसऱ्या मुलीला पाठवलं. काही नाही. तिसरीला पाठवलं. काही नाही. परत जानकीला पाठवलं. घुर्र.

मी जानकीला नुसतं लिहिलं, 'आहेस?' फाईलमध्ये नसलेला माझा पहिला शब्द.

घुर्र. पावलं थांबली. आणि भिंतीपलीकडून, अगदी हळू, शाळेत हजेरीला म्हणतात तसं कोणीतरी म्हणालं, "हो ताई."

स्क्रीनवर आलं: 'हो ताई.'

पावलं परत सुरू झाली. मी दाराशी जाऊन कान लावला. ती चालता चालता मोजत होती. "अजून आठ... अजून सात... ओठांवर हसू ठेवा... अजून सहा..."

तो आवाज मी तीन वर्षं रोज सकाळी ऐकलाय. झोपेतही ओळखला असता.

दार उघडलं. स्कार्फ खांद्यावर घसरला होता, टाळू दिसत होती. लादीवर दाराच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत एक पट्टा चमकत होता, चालून चालून गुळगुळीत झालेला. ती वळली. ओठांवर खरंच हसू होतं, व्हिडिओतलंच, पण गालच नव्हते त्या हसण्याला.

"गंधालीताई?" मी म्हणाले.

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "शू. ताई इथं नाही." मग मोबाईल वर धरून दाखवला. "ताई यात आहे. ती कधीच दमत नाही. मी दमते."

मी पर्स उचलली आणि एकोणीस मजले जिन्यानं उतरले. लिफ्टची वाट बघवली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेले नाही. ताप आलाय असं आईला सांगितलं. पडून तिचे सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. एकशे एकतीस. प्रत्येकाखाली माझं उत्तर. शाब्बास वाघिणी. शाब्बास वाघिणी. शाब्बास वाघिणी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. सरांना सरळ विचारलं. वाटलं होतं ओरडतील. ते स्टूलवर बसून रडायलाच लागले.

दोन वर्षांपूर्वी एका कमेंटवरून सुरू झालं म्हणे. 'ताई, पोट सुटलं की काय?' एवढीच ओळ. मग तिनं शूटिंग थांबवलं. अजून थोडी बारीक होते, मग करू. मग अजून थोडी. साठवलेले व्हिडिओ ते पुरवून पुरवून वापरतायत. अकाउंट बंद करायचं म्हटलं की ती गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहते. डॉक्टरला घरात येऊ देत नाही.

"ती मेसेज करते हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. शप्पथ. मोबाईलवर स्वतःचेच व्हिडिओ बघत बसते असंच वाटायचं." मग म्हणाले, "ती उत्तरं तिनंच लिहिलीत. ती चांगली होती तेव्हा. मला वाटलं, त्यानं काय होणार?"

तिच्या आईवडिलांना काय सांगितलंय, विचारलं. ते दिंडोशीला राहतात, पलीकडे गोरेगावच्या बाजूला. त्यांनाही 'बाहेर असते' हेच. ते तिला रोज व्हिडिओत बघतात. खूश असतात.

नंबर मागितला. दिला नाही. "सोमवारपर्यंत थांब. मी सांगतो त्यांना."

सोमवारपर्यंत मी तिला काय उत्तरं देऊ?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईला म्हटलं, पेज करून दे, ऑफिसात एक बाई आजारी आहे. आईनं उकड्या तांदळाची पातळ पेज केली, मीठ घालून. बरोबर माझाही डबा भरला. तो मी बसस्टॉपवरच्या कुत्र्याला घातला.

वाटी घेऊन आत गेले. गंधालीताईनं वास घेतला. मी म्हटलं, "चार चमचे फक्त."

"ताईला विचारून सांगते," ती म्हणाली आणि टाईप करायला लागली.

बाहेर माझ्या टेबलावर मेसेज आला असणार. वाटी तिच्याजवळ ठेवून मी हॉलमध्ये गेले. 'ताई, पेज आहे. खाऊ का?'

लिहिलं, 'खा. मी सांगतेय.'

मग उत्तर आलं: 'तू कोण आहेस? ताई असं कधी म्हणणार नाही.'

रडू आलं मला. फाईल उघडली. तिच्याच शब्दांतून काहीतरी जुळवायला हवं होतं. शेवटी लिहिलं: 'शाब्बास वाघिणी! आजचं आव्हान: चार चमचे पेज. थांबणारी वेगळी, वाघीण वेगळी.'

मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज. एक. मी मोजत होते. दोन. तीन. चार. पाचवा नाही.

केयूर सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर नंबर होता. शुभाकाकू, तिची आई.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल सकाळी ती खोलीत पडलेली सापडली. सोनूबाईनं पाहिलं. शुद्ध होती पण उठता येईना. तासाभरात दवाखान्यात नेलं. मी फोन केल्यावर शुभाकाकू दिंडोशीहून रिक्षानं आल्या, पायात घरातल्याच चपला. पलंगाजवळ गेल्या आणि परत बाहेर आल्या. नर्सला म्हणाल्या, "ही नाही हो. माझ्या मुलीची कॉट कुठली?"

केयूर सरांनी त्यांना धरून आत नेलं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. तीच नर्स माझ्यासमोर थांबली.

"तुम्ही कधी जेवलात?"

"सकाळी."

तिनं माझा दंड चिमटीत धरला, नखं दाबून बघितली, ओठ बघितले. "कुठल्या सकाळी?"

मी हसण्यावारी नेलं. मला काय झालंय? मी आजारी नाही. मी तर अजून कितीतरी जाड आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तिला घरी सोडलं, आईवडिलांकडे. नळीतून जायचं तेवढं गेलं, आता तोंडानं खायला हवं. आणि ती दुपारी ताटासमोर मोबाईल धरून उभी राहते.

एक वाजता काकूंचा फोन: "अगं, तुझा मेसेज आला नाही अजून. ती थांबलीय."

ते अकाउंट आता बाहेर कोणालाच दिसत नाही. केयूर सरांनी व्हिडिओ टाकणं थांबवलं, पासवर्ड मात्र माझ्याकडे ठेवला. मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना हे पटलेलं नाही. म्हणाल्या, महिनाभर चालवा, हळूहळू कमी करा, कायमचं नको. तोवर दिवसातून पाच वेळा मी ताई होते. 'आजचं आव्हान: एक वाटी वरणभात.' ती फोटो पाठवते, रिकाम्या वाटीचा. मी लिहिते, शाब्बास.

परवा मेसेज पाठवताना लक्षात आलं, हल्ली मी मनातसुद्धा तिच्या आवाजात बोलते. जिना चढताना मोजते. अजून आठ, अजून सात.

आईनं आज माझा दंड धरून बघितला, त्या नर्ससारखाच. देवापुढे दिवा लावून बराच वेळ उभी होती.

१३ मार्च, गुरुवार

होळी. शुभाकाकूंनी जेवायला बोलावलं होतं. बसला गर्दी नव्हती. लिंक रोडवर बसमधूनच एक वाजता मेसेज पाठवून दिला: 'आज सण. दोन पुरणपोळ्या, तूप घालून. वाघीण खाते.' पोचले तेव्हा काका बाहेर गेले होते. गंधालीताई टेबलाशी बसली होती. टाळूवर बारीक केस उगवलेत, लहान बाळासारखे. मी त्या फ्लॅटमधली मुलगी, एवढं तिला आठवतं. मेसेज कोण करतं ते तिला ठाऊक नाही. किंवा असेल. तिच्या डोळ्यांवरून कळत नाही.

काकूंनी दोघींना दोन-दोन पोळ्या वाढल्या आणि तूप आणायला आत गेल्या. मी माझी एक पोळी उचलून परत डब्यात ठेवली. घरी रोज करते तसं, आवाज न करता. दुसरीचे दोन तुकडे केले, एक कडेला सारला.

मान वर केली तर ती माझ्या हाताकडे बघत होती. खाणं थांबवून.

"ताईनं मला दोन सांगितल्यात," ती म्हणाली. "तुला किती सांगितल्यात?"

मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, तिनं नाही, फाईलनं नाही. आईनं तर रोज उलटंच सांगितलं होतं. तरी दोन महिने मी कोणाचं तरी ऐकत होते.

"सांग ना," ती म्हणाली. रागानं नाही. दोघींना एकच गृहपाठ मिळालाय का, असं विचारावं तसं. पोळीवरचा हात तिनं मागे घेतला होता.

काकू तुपाची वाटी घेऊन दारात थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, ताटाकडे, परत माझ्याकडे.

"दोन," मी म्हणाले.

"मग घे."

मी डब्यातून पोळी काढून ताटात घेतली. काकूंनी दोघींच्या ताटांत तूप सोडलं. पहिला घास मला गिळवेना. ती वाट बघत होती, माझ्या जबड्याकडे, मग गळ्याकडे. मी गिळला तेव्हा तिनं तिचा घास तोंडात घातला. माझा दुसरा, तिचा दुसरा. सव्वादोन वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच जेवत होतो, आणि काकू वाटी हातात धरून उभ्या होत्या.